बिबवेवाडीतला चीन

३ ऑगस्ट, रवि.
गाडीची क्लच प्लेट गेली. डिलिव्हरी बंद, दिवसभर रूमवर. नोर्बूलाही सुट्टी होती, म्हणून त्याच्याकडून केस कापून घेतले. हडपसरच्या सलूनमध्ये लोक याची वेळ घेऊन येतात. मी रूम पार्टनर, त्यामुळे वर्तमानपत्राला भोक पाडून गळ्यात अडकवतो आणि चहा पाजतो.
डिसेंबरात बाइकवर त्याच्या गावी जायचं पक्कं. तवांगच्याही पुढे आहे. त्याच्या राज्यात शिरायला मला परमिट लागतं, हे आज कळलं. म्हटलं, आपल्याच देशात? तर म्हणतो, "तेरे को लगता है. मेरे को पुणे आने में नहीं लगा. फिर भी पूछते सब मेरे को ही हैं."


८ ऑगस्ट
मंडळाची मीटिंग. यंदा गणपतीत जिवंत देखावा. दादा (मंडळाचा अध्यक्ष, शिवाय आमचा घरमालक) म्हणाला, "पाकिस्तान यंदा गल्लोगल्ली आहे. आपण चीन करू." टाळ्या. सीमेवरची लढाई, थर्माकोलचा हिमालय. आवाज स्टुडिओत रेकॉर्ड करणार, आपण नुसतं तोंड हलवायचं. माझी उंची बघून मला जवान केलं. दहावीला इतिहासात काठावर पास झालेला मी.
मग कुणीतरी विचारलं, चिनी कोण? सगळे माझ्याकडे बघायला लागले.

९ ऑगस्ट
नोर्बूला विचारलं. जेवत राहिला. मग म्हणाला, बासष्टच्या लढाईत त्याच्या आजोबांनी आपल्या जवानांचं सामान पाठीवर वाहिलंय, डोंगर चढून. तो हमाल दाखवा, मी करतो.
दादाला सांगितलं. "हमालाला टाळ्या कोण देणार? आणि हा असताना चिनी काय बाहेरून मागवू?" मग खाली आवाजात, "तुमचा करार दसऱ्याला संपतोय. हा नक्की कुठला, म्हणून गल्लीत कुरकुर आहे. एकदा आपल्या स्टेजवर उभा राहू दे, की आपला माणूस झाला. मग बघू कोण बोलतंय."
याआधी दोन घरमालकांनी नोर्बूचा चेहरा बघितला आणि दोघांच्याही खोल्या 'कालच गेल्या'. शेवटी नोर्बू तयार झाला. भांडी घासता घासता म्हणाला, "चीन बोलता है मेरा गाँव उसका. तुम्हारा मंडळ बोलता है मैं भी उसका. तो झगड़ा किस बात का? दे दो ना."
हसलो मी. काय करणार दुसरं.

२० ऑगस्ट
तालीम. नोर्बूचा युनिफॉर्म भाड्याचा, कुठल्या तरी नाटकातल्या जर्मन शिपायाचा. टोपीवर लाल तारा चिकटवला, झाला चिनी. गोळीचा आवाज आला की पडायचं. छान पडतो तो. दादा म्हणाला, "वा! रक्तातच आहे याच्या." काय आहे रक्तात, ते विचारलं नाही कोणी.
हिमालयाचं एक शिखर गल्लीतल्या कुत्र्याने कुरतडून खाल्लं. चीनपेक्षा कुत्रा पुढे.

३० ऑगस्ट
देखावा सुरू. रांग पार कोपऱ्यापर्यंत. आवाज, नोर्बू पडतो, 'भारतमाता की जय', पडदा. तो उठतो, धूळ झटकतो, पुन्हा पहिल्यापासून. मध्ये पडद्यामागे विचारलं त्याने, "आज कितनी बार मरा मैं?" म्हटलं, मोजलं नाही. "काय राव. मारनेवाले ने तो गिनना चाहिए."
पुढच्या रांगेतली एक बाई पोराला दाखवत होती, "तो बघ चिनी. जेवला नाहीस तर घेऊन जाईल."

२ सप्टेंबर
कुणीतरी व्हिडिओ टाकलाय. खाली कॉमेंट, 'एकदम ओरिजिनल पीस'. सकाळी नोर्बू दूध आणायला गेला तर दुकानदार म्हणे, "तुम्हाला काय देऊ, नूडल्स?" बिल्डिंगमधली पोरं त्याला खाऊन झालेली कणसं मारतात आणि गोळीचा आवाज काढतात. पडायला सांगतात.
संध्याकाळी तीन बायका दादाला गाठून विचारत होत्या, हा इथेच राहतो का? कायमचा? दादा लगेच वर आला. आधार कार्ड मागितलं. करार केला तेव्हा बघितलं होतं, तरी. नोर्बूने दिलं. दादाने उलटंपालटं केलं. "हे काय, हल्ली कुणीही काढतं. पासपोर्ट नाही का?"
आपला माणूस.

५ सप्टेंबर
शेवटचा खेळ. लिहू की नको...
गोळी वाजली आणि नोर्बू पडला नाही. टोपी काढली, ताऱ्याची, आणि नुसता उभा राहिला माझ्याकडे बघत. रेकॉर्डिंग कुणासाठी थांबत नाही. 'शत्रू कोसळला!' आणि शत्रू उभाच. पब्लिक हसायला लागलं. विंगेतून दादा मला, "ओंक्या, पाड त्याला! पाड!"
मी बंदूक टाकली आणि दोन्ही हातांनी ढकललं.
मागच्या थर्माकोलवर गेला. सगळा हिमालय अंगावर. एवढी टाळी आख्ख्या गणपतीत पडली नव्हती.

७ सप्टेंबर
काल मिरवणुकीत नाचलो. हो, नाचलो.
नोर्बू परवाच्या खेळापासून रूमवर नाही. सलूनवाले म्हणतात, सुट्टी टाकलीय. फोन वाजतो, उचलत नाही.

१५ सप्टेंबर
देखाव्यांच्या स्पर्धेत मंडळाला दुसरं बक्षीस. परीक्षकांनी शेवटच्या प्रसंगातल्या 'आवेशाचं' खास कौतुक केलं. आवेश म्हणजे मी. दादाने खांद्यावर घेतलं. खाली पोरं सॅल्यूट मारतात मला, "जय हिंद काका." काका!
क्लच पुन्हा घसरतोय. मेकॅनिक म्हणतो, एवढ्या लांब जाऊ नका या गाडीवर.

२१ सप्टेंबर, रवि.
केस कानावर आलेत. नाक्यावरच्या सलूनमध्ये गेलो, खुर्चीत बसलो, उठून परत आलो.
दुपारी दादा दोन पोरं घेऊन खोली दाखवायला आला. "इंजिनियरिंगला आहेत. आपलीच आहेत." त्यातल्या एकाने नोर्बूच्या कॉटवर बसून गादी दाबून बघितली.
म्हटलं, कॉट रिकामी नाही.
"कोण राहतं?"
"नोर्बू."
"तो गेला ना त्याच्या गावी?"
"गाव कुठलं?"
दादाने जरा आठवून बघितलं. मग म्हणाला, "तेच ते, तिकडचं." दसऱ्यापर्यंतचं भाडं दिलंय आम्ही, म्हटलं. दोघांचं. पोरं उठली. दादा जिन्यात वळून म्हणाला, "स्टेजवर बरा होतास तू."
नोर्बूला हे सांगायला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. त्याची कात्र्यांची पेटी शेल्फवर तशीच आहे. कात्री टाकून कुठे जात नाही तो. निदान आधी जात नव्हता.