चाळीस तासांचं काम

१२ जून
आठ वर्षं मी या कंपनीच्या वार्षिक सभेची नोटीस काढतेय. त्याला वेळ किती लागतो हे आज पहिल्यांदा कुणीतरी विचारलं. कंपनीने नव्हे, नियम करणाऱ्यांनी. डायरेक्टर परत निवडायचा तर नोटिशीत त्याची कुंडलीच मांडा, असा नियम येऊ घातलाय. वय, शिक्षण, आणखी कुठल्या कंपन्यांवर आहे, मीटिंगला येतो का, आणि तोच का हवा. निम्मं आपण आधीच देतो, आता आणखी. या सगळ्या कागदांचा बोजा किती तासांचा, ते कळवा म्हणून उद्योगसंघाला पत्र आलंय. संघाच्या समितीवर आमचे पटवर्धन सर, म्हणजे कंपनी सेक्रेटरी, माझे साहेब. म्हणून फॉर्म माझ्या टेबलावर.
"हेमा, यू आर द बेस्ट पर्सन. तू एस्टिमेट काढ, मी फक्त पुढे पाठवतो."
गोड बोलले. मराठीत बोलले म्हणजे काहीतरी काम असतंच.

१९ जून
एस्टिमेट पूर्ण. लिहिताना कळलं की नोटीस लिहायला वेळ लागतच नाही. वेळ लागतो माणसांच्या मागे फिरायला. एक डायरेक्टर परदेशात, एक फोन उचलत नाही, एकाला स्वतःच्या दुसऱ्या कंपनीचं नाव आठवत नाही.
आणि इंदिरानगरच्या सरोजम्मा. संस्थापकांची बहीण, पहिल्या दिवसापासून बोर्डावर. त्यांच्या एका सहीला अर्धा दिवस लिहिलाय. आधी राहुकाळ संपू द्यायचा. मग कॉफी. मग "ऊटा माडी", जेवून घ्या, म्हणून पानावर बसवणार, नाही म्हटलं तर सहीही नाही. जेवण झाल्यावर चष्मा शोधायचा. मग एकेका ओळीवर बोट ठेवून वाचणार, शंका विचारणार, आणि त्यानंतर पेन हातात. फॉर्मात "सांबार-भात" असा रकाना नाही, म्हणून "डायरेक्टरची माहिती, पडताळणी व सही" असं लिहिलं.
एकूण दोनशे साठ तास. अण्णा म्हणाला, "येवढं? मला वाटलं तू तिकडं एसीत बसून असतेस."
सख्खा भाऊ.

२ जुलै
डेप्युटी सेक्रेटरीची जागा रद्द. जी मला मिळणार म्हणून पटवर्धन सर गेल्या दिवाळीपासून सांगत होते, ती जागाच रद्द. एमडींनी बोलावून समजावलं, सज्जन माणूस, आवाजही चढवला नाही. समोर कागद सरकवला. "तुमचंच एस्टिमेट आहे ना? वर्षाला चाळीस तास. चाळीस तासांच्या कामाला डेप्युटी कशाला, तुम्हीच सांगा."
चाळीस.
माझे दोनशे साठ कापून चाळीस. "डायरेक्टरची माहिती, पडताळणी व सही" समोर अर्धा तास. पाची डायरेक्टर मिळून. आणि खाली छापलेलं: तयार करणार, हेमा बाई.
पटवर्धनांच्या केबिनमध्ये गेले. म्हणतात, "अगं, कमिटीत सगळे शेकड्यांत आकडे देत होते. मी म्हटलं, आमच्याकडे सिस्टिम आहे. इट लुक्स गुड. तू पर्सनली का घेतेस?"
पर्सनली का घेतेस!
आजपासून या डायरीत ते "ते" नाहीत. तो.

३ जुलै
झोप नाही. जुनं सगळं वर आलं. तो पुण्याहून आला त्याच दिवशी माझं नाव वाचून म्हणाला होता, "बाई? आमच्याकडे बाई म्हणजे भांडी घासायला येते ती." आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या नावातच बाई आहे. आजीच्या होतं, आईच्या होतं, माझ्या पॅनकार्डावर आहे. तेव्हा सगळे हसले. मीही हसले. तेच जास्त सलतं.
उट्टं काढणार. कसं ते माहीत नाही, पण काढणार. लिहून ठेवते म्हणजे मागे फिरायला लाज वाटेल.

६ जुलै
सुचलं!! के. आर. पुरमला बसची वाट बघत उभी होते, तिथेच सुचलं. एकटीच हसले तशी फुलवाली बघायला लागली.
चाळीस तास म्हणतोस ना? घे चाळीस तास. मोजून.
एक मिनिट कमी नाही, जास्त नाही. बाकीची कामं, बैठकांची मिनिट्स, रजिस्टरं, शेअरहोल्डरांची पत्रं, सगळं चोख करणार. बोट ठेवायला जागा देणार नाही. फक्त सभेच्या नोटिशीला चाळीस तास, आणि मग पेन खाली. बोलणार काय? आकडा त्यानेच एमडींपुढे ठेवलाय आणि नाव माझं आहे.
अण्णाला सांगितलं. "स्वल्प जपून," म्हणाला. मग दोन घास खाऊन, "पण कर."

२२ जुलै
चाळीस तास आज जेवणाच्या सुट्टीआधी संपले. नोटीस अर्धी झालीय. पाच डायरेक्टरांपैकी दोघांची माहिती आली. फाइल व्यवस्थित बांधून त्याच्या टेबलावर नेऊन ठेवली.
"हे काय?"
"सर, अंदाजाप्रमाणे माझे तास संपले. पुढचं जादा होईल. एमडी साहेबांना कळवून जादा तास मंजूर करून घ्याल का?"
त्याचं तोंड! ते कळवायचं म्हणजे चाळीस खोटे होते हे स्वतःच्या तोंडाने सांगायचं.
"इट्स फाइन. मी बघतो," म्हणाला. इंग्लिशमध्ये.
घरी येताना अर्धा किलो म्हैसूरपाक घेतला.

३१ जुलै, शुक्रवार
आज तो स्वतः इंदिरानगरला गेला. सकाळी अकराच्या सुमाराला. शुक्रवारी साडेदहा ते बारा राहुकाळ. त्याने मला काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही.
दुपारी सरोजम्मांचा फोन. "तुमचा तो पुण्याचा माणूस राहुकाळात पेन घेऊन आला ग. बाहेर बसवला. मग वाढलं तर म्हणतो, डाएट आहे. तू का नाही आलीस, मगळे?"
मगळे म्हणतात मला, मुलगी. म्हटलं, दुसरं काम होतं अम्मा. सही न घेताच परत आला म्हणे. आणखी दोनदा जावं लागेल. अर्ध्या तासात पाच डायरेक्टर, नाही का?
बरं वाटलं. फार बरं वाटलं.

५ ऑगस्ट
तो वाळलाय. डोळ्यांखाली काळं. प्रूफ माझ्या टेबलावर टाकून म्हणाला, "एकदा फक्त नजर टाक, प्लीज." मी म्हणाले, "सर, नजर टाकणं पण त्या चाळीसमध्येच होतं." प्रूफ त्याच्याकडे सरकवलं.
पण सरकवताना नजर पडलीच. आठ वर्षांची सवय. डोळे आपोआप चुकीवर जातात.
सरोजम्मांच्या फेरनिवडीचा ठराव. त्याने मागच्या वेळची नोटीस उघडून तारखा बदलल्यात. मागच्या वेळी साधा ठराव पुरला होता. या मुदतीत त्या पंचाहत्तर ओलांडतात. पंचाहत्तरीपुढच्या डायरेक्टरला विशेष ठराव लागतो, विरोधातल्या मतांच्या तिप्पट मतं, आणि तो का हवा याचं कारण नोटिशीत लिहायचं. हे मी झोपेतही चुकणार नाही. त्याने साधाच ठेवलाय.
अर्धं मिनिट लागलं असतं सांगायला. नाही सांगितलं.

७ ऑगस्ट
नोटीस गेली. सगळ्या शेअरहोल्डरांना, स्टॉक एक्स्चेंजला. चुकीसकट. सभा ११ सप्टेंबरला.
आता हिशोब सोपा आहे. एकवीस दिवसांची पूर्ण मुदत सोडून, दुरुस्तीची नोटीस जास्तीत जास्त २० ऑगस्टला निघू शकते. त्यानंतर विशेष ठराव या सभेत मांडता येणार नाही. साधा मंजूर होऊन उपयोग शून्य. एक्स्चेंजचा दंड, एमडींचा संताप, आणि तो पुण्याच्या गाडीत.
करावं तसं भरावं. वाईट वाटतंय का? तपासून बघितलं. नाही.

१२ ऑगस्ट
सरोजम्मांचा फोन, बराच वेळ. यंदा सभेत दोन शब्द बोलणार आहेत. आजवर कधी बोलल्या नाहीत, भाऊ बोलायचा, त्या शेजारी बसायच्या. कन्नडमध्ये लिहून काढलंय, फोनवर वाचून दाखवलं. पहिली शेड, पहिला पंप, पाणी वर चढलं तेव्हा सगळे कसे ओरडले ते. भाच्यांना आणि नातवंडांना ऑनलाइन बघायला सांगितलंय.
मग म्हणाल्या, "मुलांना वाटतं म्हातारीने आता घरी बसावं. मी ओझं नाही ना ग?"
मी म्हणाले, छे हो अम्मा.
फोन ठेवला आणि राग आला. त्याच्यावरचा नेहमीचा आहे, तो नाही. हा दुसराच, कुठे ठेवावा कळेना असा. मारायला गेले त्याला, आणि मध्ये बाई उभी. ठराव बाद झाला तर त्याची नोकरी जाईल, पण खुर्चीवरून उठावं लागेल ते यांना. भाच्यांच्या देखत.
हे पाच तारखेला का नाही दिसलं? दिसलं होतं. बघितलं नाही.

१७ ऑगस्ट
देव आहे. उद्योगसंघाकडून फॉर्म परत आलाय. इतरांचे आकडे शेकड्यांत आणि तुमचे चाळीस कसे, म्हणून फेरतपासणी करून पाठवा, या वेळी कंपनी सेक्रेटरीच्या स्वतःच्या सहीने.
तो फॉर्म घेऊन माझ्याकडे आला. बसला नाही, उभाच. "हेमा, तूच भर. जे खरं आहे ते."
भरला. दोनशे साठ. सरोजम्मांच्या सहीला अर्धा दिवस. "तयार करणार" समोर माझं पूर्ण नाव, बाईसकट. आणि सोबत एमडींना एक पान, पहिला आकडा चुकीचा होता आणि तो कुणी बदलला. खाली त्याच्या सहीची जागा रिकामी.
वाचून पांढरा पडला. "हे एमडींना कशाला? मला जरा वेळ दे."
दिला. नाक दाबलं की तोंड उघडतं. सह्या झाल्या की त्याच क्षणी ठरावाची चूक सांगेन. दोघंही बचावतील, सरोजम्माही, तोही. माझी जागाही परत येईल. चुकीबद्दल अजून बोलले नाही.

१९ ऑगस्ट
सही नाही. केबिनबाहेर आला की माझ्या टेबलाकडे न बघता जातो.
अण्णाला सगळं सांगितलं, पहिल्यांदाच. ताटावरून उठला. "त्याचं नाक दाब, माझी ना नाही. पण हात तू त्या म्हातारीच्या नाकावर ठेवलायस."
जेवण तसंच राहिलं दोघांचं.

२० ऑगस्ट
दुपार. दुरुस्तीची नोटीस मी तयार करून ठेवलीय. विशेष ठराव, कारणासकट. "त्या का हव्यात" या खाली चार ओळी लिहिल्या, पहिली शेड आणि पहिला पंप त्यात आहेत. बसल्या बसल्या झालं. हे काम कुठल्या अंदाजात धरायचं, देव जाणे. एकदा त्याने वाचून "पाठव" म्हटलं की संध्याकाळच्या आत जाईल.
साडेतीनला सरोजम्मांचा फोन. "साडी आणली. भाषण पाठ झालं. माझं ते ठरावाचं नीट आहे ना? त्याच्यावर माझा भरवसा नाही. तू बघितलंस ना?"
"बघितलंय, अम्मा."
"सरी, ठीक. मग मला काळजी नाही."
खोटं नाही बोलले. बघितलं होतं. पाच तारखेलाच.
पाच वाजले. केबिनच्या काचेतून तो दिसतो. दोन्ही कागद त्याच्यासमोर, पेनचं टोपण काढतो, परत लावतो. एकदा मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी नजर काढली नाही. उठून तिकडे जायला दहा पावलं. सही आधी, की सांगणं आधी? दोनशे साठ तासांचं काम मी आधी सहीची अट घालून कधी केलं नव्हतं.
बसची वेळ झाली. सगळे निघाले. मी खुर्ची मागे सारलीय, बससाठी नाही; नोटीस स्क्रीनवर उघडी आहे.