विळा खाली ठेवून तू विचारलं होतंस

प्रिय देवराव,

पल्लवी तीन दिवसांपासून धड जेवलेली नाही, म्हणून तुला लिहायला बसलो. तुझी तेरवी होऊन दोन महिने झाले. पण हे विचारायचं तर दुसऱ्या कोणाला? सांग ना!

पोरगी चंद्रपूरच्या कॉलेजातून घरी आली ती गप्पच. आईला तेवढं सांगितलं. तिचा कोणावर तरी जीव आहे आणि त्या मुलाने तोंडावर नाही म्हटलं. झालं. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडली आहे. तिची आई मला म्हणाली, "तुमीच बोला तिच्यासंग. नाटकात तं मोठे समजावता लोकायले!"

गेलो रे. खाटेपाशी बसलो. तोंड उघडलं आणि बाहेर काय आलं असेल? "एका दारात किती उभी राहशील? नगराची वेस उघडी आहे. चार मुखे पाहा, मग हे मुख तुला आठवणारही नाही!"

पोरीने माझ्याकडे वळून पाहिलं. "बाबा, हे नाटकातलं आहे ना?" म्हणाली आणि पुन्हा भिंतीकडे वळली.

देवराव, हे मी आयुष्यात दुसऱ्यांदा केलं होतं.

आपलं ते जुनं नाटक! दर दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला आपल्या गावात तेच व्हायचं. तू राजपुत्र, जिला तू नको आहेस तिच्यासाठी झुरणारा. मी तुझा मित्र, पहिल्या अंकात तुला समजावणारा. "तिला मी नको आहे. सांग मित्रा, मी काय करू?" असं तू म्हणायचास आणि मग माझं ते भाषण सुरू व्हायचं. पोंभुर्ण्याहून आलेले पाहुणेसुद्धा 'वन्स मोअर' म्हणून ओरडायचे. मी छाती काढून पुन्हा म्हणायचो. शेवटच्या अंकात तू मरायचास आणि मी तुझ्यावर पडून रडायचो. दर वर्षी खरं पाणी यायचं डोळ्यांत. आणि तुला खरंच चितेवर ठेवलं तेव्हा? कोरडा उभा होतो. लोकांना वाटलं असेल, काय माणूस आहे हा!

आपल्याकडे आपल्या संवादांची नक्कल पाठ करायला वेगळा वेळ कुठे असतो? आपापली नक्कल खिशात ठेवायची आणि बांधीत धान कापता कापता म्हणायची. त्या वर्षीही तसंच होतं. लवकर पिकणारा हलका धान कापायला आला होता, दिवाळी तोंडावर होती. तू पुढे, मी मागे. तेविशीतले होतो आपण. तू एकाएकी थांबलास, विळा खाली ठेवलास आणि माझ्याकडे तोंड करून म्हणालास, "तिले मी नाई आवडत, गा. काय करू मी, सांग."

आणि मी हसलो! "मित्रा म्हण बे, मित्रा! नक्कल पाठ नाई का तुयी?" असं म्हणून, हात न थांबवता, ते अख्खं भाषण तुझ्यावर झाडलं. वर विचारलं, "कसं झालं?"

तू थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिलास. मग विळा उचललास आणि म्हणालास, "मस्त झालं." पुन्हा कापायला लागलास.

नक्कल म्हणताना कोणी विळा खाली ठेवतो का रे? हात चालू ठेवूनच आपण सगळं नाटक पाठ केलं होतं. एवढं मला दिसू नये?

त्यानंतर तू लग्न केलं नाहीस. मीच तुला ठिकठिकाणी मुली पाहायला नेलं. भद्रावतीला नेलं, माजरीला नेलं. पोहे खायचास आणि परतीच्या बसमध्ये म्हणायचास, "नाई जमत गा." मी तिथेही तेच सांगायचो, चार मुखे पाहा! तू हसायचास. पंचवीस वर्षं माझ्या शेजारच्या बांधीत राबलास, माझ्या पोरीला खांद्यावर घेऊन मंडई दाखवलीस, पण स्वतःच्या मनातलं परत कधी बोलला नाहीस. एकदा तरी माझ्यावर ओरडायचं होतंस! शिवी द्यायची होतीस! इतकं कसं रे सोसलंस?

दवाखान्यात, काविळीने तुझे डोळे हळदीसारखे झाले होते तेव्हा बोललास. "तुळश्या, बांधीत विचारलं होतं ना मी? ते नाटक नव्हतं बे."

मी विचारलं, "कोण होती, देवराव?"

तू हसलास. "आता काऊन विचारून राह्यला? तवा विचारलं असतं, तं सांगितलं असतं."

दोन दिवसांनी तू गेलास. नाव तुझ्यासोबत गेलं. तुझ्या तेरवीला पंगतीत वाढताना मी आपल्या वयाच्या प्रत्येक बाईचं तोंड पाहत होतो. ही असेल का? ती असेल का? कोणाचे डोळे ओले आहेत? लाज वाटली मला. पण पाहिल्याशिवाय राहवलं नाही. अजूनही राहवत नाही.

काल संध्याकाळी प्रार्थनेला बसलो. शब्द आपोआप तोंडातून जात होते, आणि मी भ्यालो. हेही पाठच आहे की! देवाशी तरी मी कधी माझं बोललो का? मध्येच उठून आलो. 'देवा, रागावू नकोस', एवढंच माझ्या मनाचं म्हणालो.

आता ऐक. पल्लवीने माझ्याकडे तसंच पाहिलं, तू विळा उचलण्याआधी पाहिलं होतंस तसं. मला त्या नजरेचं भय वाटतं. 'मस्त झालं' असं ती म्हणेल, उठेल, जेवेल, कॉलेजला जाईल आणि पुढे पंचवीस वर्षं बापाशी काही बोलणार नाही. तू गेलास. ही गेली तर माझं काय उरेल?

नाटक मंडळातली पोरं आली होती. यंदा देवरावभाऊच्या आठवणीत तेच नाटक करू म्हणाली. ते भाषण माझ्या तोंडून आता निघणार नाही, असं सांगून त्यांना परत पाठवलं.

बाहेर धान कापायला आला आहे. सकाळीच विळा काढून ठेवला होता, तो मी परत आढ्याला खोचला. आज बांधीत जात नाही. हे पत्र संपलं की पोरीच्या खाटेपाशी जाऊन बसतो. भाषण नाही, उपाय नाही. तुला वचन देतो देवराव, तिला पहिली गोष्ट हीच विचारीन, जी तुला वेळेवर विचारली नाही.

"नाव काय गं त्याचं?"

ती सांगेस्तोवर उठणार नाही.

तुझा,
तुळश्या