हद्दीच्या दगडाला शेंदूर

मार्गशीर्ष वद्य पंचमी, सायंकाळ

श्रीनृसिंहा, कृपा असावी. आज क्रोध आवरत नाही.

चुलतभाऊ भानुदासाने हद्दीचा दगड पुरून त्यावर ऊस लावला. दगडाची जागा मी आधीच मोबाईलात नोंदवून ठेवली होती. पण जीपीएस दर वेळी चार पावले इकडेतिकडे नेई. "दादा, तुमचा मोबाईल बी चकवा लागल्यावानी फिरायलाय की!" तो हसला.

मी रोज मोबाईल दाखवील तिथे एक खुंटी ठोकली आणि शेवटी साऱ्या खुंट्यांच्या मध्यावर पहार घातली. आज ती दगडावर खणकली.

तक्रार? नाही. उद्या गावादेखत तो दगड उकरून त्याला शेंदूर फासीन. भानुदास भाविक, देव झालेला दगड तो हलवणार नाही. जन्मभर येता-जाता स्वतःच्या चोरीला हात जोडील. हा सूडच, जाणतो. नारळही त्याच्याच हातून फोडवीन.

वाचणाऱ्या सर्वांचे कल्याण असो. भानुदासाचेही, पण आधी त्याला वाकू दे.