एका ‘म्हणून’पाशी अडलेला लेख

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. गुडघा काय म्हणतो? (सांगितलेले व्यायाम तुम्ही करत नसणारच, तेव्हा उत्तर ठाऊक आहे.) मी खुशाल आहे, म्हणजे वेळेवर जेवते आणि प्रयोगशाळेत झुरळं मारायचं नवं औषध तपासते.

तुम्ही छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासलीत, तेव्हा हा जळफळाट तुमच्यापाशीच. शास्त्रज्ञ लेख कसे लिहितात असं वाटतं तुम्हाला? विचार करून? छे! आमच्या सरांच्या मते विचार आधीच झालेला असतो. लिहिणं म्हणजे वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालणं. ती हमाली माझी. शेजारच्या खोलीतल्या बाईंची दुसरीच तऱ्हा. पहिलं वाक्य सर्वांगसुंदर झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. गेली दोन वर्षं त्या पहिल्याच वाक्यात मुक्कामाला आहेत. कच्चा खर्डा कच्चा असतो, हे कबूल करणं दोघांनाही कमीपणाचं वाटतं.

तर मी खर्डा लिहायला बसले. ‘औषध दिलेली झुरळं मंदावली’ असं लिहिलं. पुढे ‘म्हणून औषध गुणकारी’ लिहायचं, तर हात चालेना. औषधवाल्या पेट्या गार खिडकीपाशी, बिनऔषधाच्या गरम यंत्राशेजारी. नुसत्या गारठ्यानेही मंदावली असतील की! तीन वर्षं हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. सरांना सांगितलं तर म्हणाले, “अगं, ही भाषेची अडचण आहे. ‘म्हणून’ काढ, ‘यावरून असे सूचित होते’ घाल.” (असलं भारदस्त वाक्य ऐकून झुरळंसुद्धा माना डोलावतील.) मी हट्टाने पेट्यांची अदलाबदल केली. चार दिवसांत औषधवाली तुरुतुरु पळायला लागली आणि बिनऔषधाची पेंगायला. सरांनी पेट्यांवरच्या चिठ्ठ्या दोनदा वाचून पाहिल्या. मग म्हणाले, “मला आधीपासून शंका होतीच.” लेख बारगळला. आता लिहिता लिहिता विचार करावा, हे आपलंच जुनं तत्त्व असल्याचं ते विभागभर सांगत फिरतात. लाज म्हणून नाही!

मामींना नमस्कार.

तुमची भाची

ता. क. लेखाबरोबर माझी पदवीही वर्षभर लांबली. आईला हे तुम्ही सांगाल का? तिने शेजारीपाजारी मला केव्हाच डॉक्टर करून टाकलंय.

आणखी एक. तिला मी स्वतः पत्र लिहिलं होतं, पण टपालपेटीपाशी जाऊन परत आले. ते सोबत जोडलंय. काय खोडायचं ते खोडा. पहिल्या ओळीत तिची माफी मागितली आहे, तेवढी मात्र राहू द्या.