पूर्ण वाक्यात

२८ नोव्हेंबर १९८८, सोमवार

'गाय' बंद! तिसरीचा अख्खा वर्ग, आणि प्रत्येकाच्या पाटीवर तेच — गाय हा उपयुक्त पशू आहे, तिला चार पाय असतात. या पोरांना निबंध म्हणजे पाठांतर वाटतं. दोष त्यांचा नाही, आम्हीच पोपट केलेत. आता माझी रीत — आधी बोला, मग लिहा. उभं राहायचं, हात सरळ, पूर्ण वाक्यात सांगायचं. सांगितलं तेच पाटीवर उतरवायचं.

कमळही बोलली. माझीच मुलगी, पण वर्गात मला 'गुरुजी' म्हणायचं, हा नियम तिच्या आईनेच घालून दिलेला. खणखणीत बोलली! घरी आल्यावर मात्र पुन्हा तोंडाला कुलूप. तिची आई, प्रमोदिनी, जुलैत वारली, तेव्हापासून पोर घरात चकार शब्द काढत नाही.

३० नोव्हेंबर

विषय — माझी सकाळ. कमळ उभी राहिली. "सकाळी बाबा माझी वेणी घालतात. ते फार ओढतात. मला दुखतं, पण मी सांगत नाही." वर्ग हसला. मीही हसलो आणि फळा पुसायला लागलो. फळा कोराच होता.

१ डिसेंबर

खोबरेल लावून, हलक्या हाताने वेणी घातली.

४ डिसेंबर, रविवार

सुनीती आली होती ठाण्याहून. प्रमोदिनीची धाकटी बहीण. पोळ्या लाटता लाटताच म्हणाली, "भाऊजी, मुलगी मुकी होत चाललीय. मी नेते तिला. माझी दोघं आहेत घरात, खेळेल, बोलेल. तुमच्याच्याने नाही व्हायचं हे."

राग आला. पण चुकीचं काय बोलली ती? पुढच्या रविवारी येते, तोवर ठरवा म्हणाली. कमळ दारात उभी राहून ऐकत होती. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांच्या कापड विणायच्या लूमचा खडखडाट चालूच.

घर खायला उठेल, कमळ गेली तर. पण तिचं भलं कशात आहे? तिला विचारू कसं?

५ डिसेंबर

युक्ती सापडली! जे कमळला विचारायचं ते सगळ्या वर्गाला विचारायचं. आजचा विषय — मला कशाची भीती वाटते. देवूला भुताची. बुधीला मुकादमाची, आई-बाप बिगारीला जातात तिचे. कमळला शुक्रवारची!

"शुक्रवारी आमच्या शेजारचे लूम बंद असतात. मग घरात काहीच ऐकू येत नाही."

मुख्याध्यापक दारात उभे. "अहो श्रीनाथ, गाय कुठे गेली? तपासणीला साहेब आले तर काय दाखवू, भूत?" म्हटलं, चरायला गेलीय, येईल तिन्हीसांजेला.

९ डिसेंबर, शुक्रवार

लूम बंद. आमटी-भात केला. जेवलो. भांडी घासली, तिने पुसली. कितीदा तोंड उघडलं आणि मिटलं. शाळेत माझी जीभ थांबत नाही. इथे प्रमोदिनीचा पाट भिंतीला टेकलेला दिसतो. फार आठवण येते तिची. तीच बोलायची घरात — माझ्या वाटचंही!

उद्या वर्गातच विचारतो.

१० डिसेंबर, शनिवार

विषय — मला कुठे राहायला आवडेल. देवूला थेटरात, रोज फुकट सिनेमा. बुधी म्हणाली, "आय जिथं हाय तिथं. दुसरीकडं न्हाय." पूर्ण वाक्य नव्हतं. म्हटलं, शाब्बास, बस.

मग कमळ. हात सरळ.

"मला शाळेत राहायला आवडेल. शाळेत गुरुजी बोलतात. ते सगळ्यांना विचारतात. घरी बाबा बोलत नाहीत. आई गेल्यापासून त्यांना बोललेलं आवडत नसेल. म्हणून मी पण बोलत नाही."

आणि मी समजत होतो, पोर मुकी झाली!

बुधीने विचारलं, "गुर्जी, तुमी रडता का?" म्हटलं, हो. तू लिही.

संध्याकाळी घरी आलो. तरी तिच्याशी बोलायला जमलं नाही. सुनीती उद्या येणार.

११ डिसेंबर, रविवार

चहा उकळत होता. त्याच्याकडेच बघत कसंबसं विचारलं — "कमळ, तुला मावशीकडे राहायला जायचंय का?"

ती पाटावरून उठली. हात सरळ केले.

"गुरुजी, मला बाबांजवळ राहायला आवडेल."