वहिनीचा कोट

चि. धाकटीस, दादाचे अनेक आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे, दोन्ही वेळा जेवतो. तुझी कंबर कशी आहे? शेक घेतेस ना, की नुसतंच हो हो करतेस?

तुझी वहिनी गेल्यापासून शिलाई मशीनवर चादर टाकली होती. बोलायलाही कोणी नव्हतं. सगळं आवरून कायमचा तुझ्याकडे येतो म्हणालो, म्हणून गेल्या महिन्यात तिचा निळा कोट, मीच शिवलेला, खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंना देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी त्या तो कोट घालून जिन्यात भेटल्या. वहिनी उंच, बाई ठेंगण्या. खांदे उतरलेले, बाह्या बोटांखाली लोंबताहेत. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेल्या माणसाला ते बघवेना.

म्हटलं, "बाई, काढा तो कोट. माझी अब्रू जातेय."

"मग नीट करून द्या की, काका!"

वर आणला खरा, पण स्वतःचीच टीप उसवायला हात धजावेना. पाऊण तास कात्री धरून बसलो, मग उसवली. रडलो थोडा, खोटं कशाला सांगू?

कोट बाईंना चपखल बसला. त्यांनी सगळ्या बिल्डिंगला दाखवला. आता रोज संध्याकाळी कोणीतरी कपडे घेऊन दार वाजवतं. शेजारच्या दोघी शिवण शिकायला बसतात. एकीची टीप सापासारखी वाकडी जाते, पण तोंड कसं सरळ चालतं!

तेव्हा माझं तिकीट काढू नकोस. माझ्यासाठी खोली रंगवून घेतलीस, ठाऊक आहे. रागव हवं तर, पण पत्राचं उत्तर दे. महिनाभर राहायला येईन, कायमचा मात्र नाही. इथे माझी वाट बघतात गं.

तुझा, पुन्हा कामाला लागलेला,
दादा