बिनव्याजी बारा हप्ते

प्रिय ताई,

चैतालीने उसाच्या रसाचा ग्लास बाकावर ठेवला आणि म्हणाली, "पण माझ्याकडे पासपोर्टच नाहीये." माझं सगळं फिरलं ते त्या क्षणी. कॉलेज सोडलं तेव्हा नाही. त्या दिवशी सरांसमोर जर्नल फाडून फेकलं, घरी येऊन बाबांशी भांडलो, पण निदान राग तरी खरा होता. रसवंतीत मात्र मी हातात व्हिएतनामचं दोघांचं बुकिंग घेऊन बसलो होतो, आणि ज्या मुलीसाठी ते केलं तिला मी साधं विचारलंही नव्हतं.

चैताली तुला आठवत असेल. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी डबा घेऊन आली होती ती. मी कॉलेज सोडल्यावरही बोलायची माझ्याशी, बाकीच्यांसारखं तोंड फिरवलं नाही. मी त्याचा काय अर्थ लावला ते आता लिहायलाही लाज वाटते. तिने एकदा स्टेटसला व्हिएतनामच्या कंदिलांचा फोटो टाकला होता, खाली 'कधीतरी' एवढंच. मी तो स्क्रीनशॉट काढून ठेवला. चार महिने रोज बघायचो. मला वाटलं, ती मलाच सांगतेय.

मॉलमधल्या ट्रॅव्हल कंपनीच्या काउंटरवरचा माणूस मला सर म्हणाला. ताई, मला आजवर कोणी सर म्हटलेलं नाही. "सर, एक लाख चौऱ्याऐंशी, बारा हप्ते, शून्य टक्के. एक रुपया जास्त जाणार नाही तुमचा." तुमचा! मी खिशातून तू दिलेलं कार्ड काढलं. तुझ्या खात्यावरचं, पण माझं नाव छापलेलं. "अडीनडीला असू दे, मागत बसायला लागायला नको," असं म्हणून तू दिलं होतंस ना, तेच. घरात माझ्यावर कोणाचाच विश्वास उरला नव्हता तेव्हा दिलं होतंस. मी ते मशीनला लावलं आणि खरं सांगतो, मनात तुझा विचारसुद्धा आला नाही. बिनव्याजी म्हणजे कोणाचंच काही जात नाही, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. पासपोर्टच्या कॉपी नंतर द्या म्हणाला. माझा होता, तिचाही असेलच असं धरून मी हो म्हटलं.

मॉलच्या पायऱ्या उतरत होतो तेवढ्यात तुझा फोन. जेवणाच्या सुट्टीत, वॉर्डाच्या लॉकरपाशी उभी राहून, हळू आवाजात. "भूषण, बँकेचा मेसेज आलाय. एवढे कसले रे?" मी म्हणालो, "फी." एकच शब्द. मग तो शब्द उभा राहावा म्हणून त्याच्याभोवती अ‍ॅनिमेशनचा कोर्स बांधला, कर्वे रोडचा क्लास बांधला, सकाळची बॅचही बांधली. तू म्हणालीस, "आधी सांगायचं नाही का रे, वेड्या!" तिथेच थांबायला हवं होतं मी.

आणि चैताली? तिने ते कागद नीट वाचले, घडी घातली, परत दिले. "कधीतरी म्हणजे मी माझ्या पगारातून जाईन, असं होतं ते. तू मला सरप्राइज नाही दिलंस भूषण, समन्स बजावलंस. अमुक तारखेला हजर राहा." मी चिडलो. मोठ्याने बोललो. रसवाल्या काकांनी चरक थांबवून बघितलं. ती म्हणाली, "बघ, हेच," आणि उठून गेली. अठ्ठेचाळीस तासांत रद्द केलं असतं तर बरेचसे पैसे परत मिळत होते. पण मी कुठला ऐकतोय! म्हटलं, एकटा जाईन, असे फोटो टाकीन की तिला झोप लागणार नाही. त्या माजात दोन दिवस घालवले. आता परत मिळण्यासारखं फारसं काही नाही. विमान उद्या पहाटेचं आहे.

बाबांचं तुला माहीतच आहे, पण मला ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. माझ्या कोर्सचं ऐकून त्यांनी मार्केट यार्डात कांद्याच्या गाळ्यावर सगळ्या हमालांना चहा पाजला. पुढच्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर माइकवरून पुकारलं गेलं, पोपट सोनवणे यांचे चिरंजीव आयुष्मान बुद्धभूषण यांनी खंडित झालेले शिक्षण पुन्हा सुरू केल्याबद्दल पाचशे एक रुपये धम्मदान. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्या बायकांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. आईने पदर डोळ्याला लावला. आपल्याकडे कोणी गाडी घेतली तर पेढा मागतात, पण कोणी शिकायला लागला तर अख्खी वस्ती स्वतःचंच काहीतरी झाल्यासारखी खूश होते. तेव्हापासून मी रोज सकाळी सॅक लावून निघतो आणि सातारा रोडवरच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. तिथे पगार मिळतो. तो मी तुला द्यायला हवा होता, तर मी परदेशात लागतील म्हणून साठवत होतो.

मग परवा तू आईला म्हणालीस, "माझं बीएस्सी नर्सिंग पुढच्या वर्षी बघू, यंदा भूषणचं होऊ दे." मी आतल्या खोलीत होतो. भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो.

आणि आज विहारात ते शिबिर. अभ्यासिकेच्या अभयदादांनी दहावीच्या मुलांसमोर बोलायला बाबांना बोलावलंय. विषय, सुटलेलं शिक्षण. सातवी शिकलेला माणूस आठ दिवस भाषण पाठ करतोय. आडत्याच्या पावत्यांच्या कोऱ्या बाजूला लिहिलंय सगळं. मोरीच्या आरशासमोर म्हणत होते, "माझा मुलगा पडला. पण तो उठला." मी सकाळी सांगायला गेलो होतो गं. बाबा म्हणाले, "पांढरा शर्ट बरा दिसतो का आकाशी?" मी म्हणालो, "पांढरा." झालं. तेवढीच हिंमत. ते आईला घेऊन विहारात गेले, तू ड्यूटीवर, आणि मी इथे तुझ्या टेबलावर हे लिहितोय. तुझा फोन लॉकरमध्ये असतो, म्हणून पत्र.

हे सगळं तुला नवीन असल्यासारखं लिहिलं, पण ते तसं नाही ना, ताई? गुरुवारी आईच्या आधारची झेरॉक्स शोधताना तुझ्या फायलीत कार्डाचं पहिलं बिल सापडलं. छापून काढलेलं, विहारातल्या त्या रविवारच्या आधीच्या तारखेचं. त्यावर ट्रॅव्हल कंपनीचं नाव स्वच्छ लिहिलंय आणि त्याच्याखाली तू निळ्या पेनने रेघ मारलीयस. म्हणजे विहारात टाळ्या वाजल्या तेव्हा तुला माहीत होतं. तू वाजवल्यास टाळ्या. माझ्याकडे न बघता. तीन हप्ते भरलेस, डबा भरून दिलास, "क्लास कसा चाललाय?" असं एकदाही विचारलं नाहीस, कारण विचारलं असतंस तर मी आणखी एक खोटं बोललो असतो. तू मला ते बोलायची वेळच येऊ दिली नाहीस. थांबलीस. मी आपणहून येईन म्हणून थांबलीस, आणि मी तीन महिने आलो नाही. चैताली गेली त्याचं दुःख मला वाटत होतं तेवढं मोठं नव्हतं, हे मला ती निळी रेघ बघून कळलं.

उद्या मी कुठेही जाणार नाहीये. साठवलेले पैसे पाकिटात याच पत्राखाली आहेत, ते तुझ्या ॲडमिशनचे. नाही म्हणू नकोस. उरलेले हप्ते माझ्या पगारातून. शिबिर दहाला आहे, आता साडेनऊ झालेत. बाबा माइकपाशी पोचायच्या आत त्यांना चपलांच्या रॅकपाशी गाठायचंय. ते मारतील, मारू देत. पांढऱ्या शर्टात तिथेच खाली बसले तर मी काय करणार आहे, मला माहीत नाही. पण "तो उठला" हे वाक्य त्यांच्या तोंडून लोकांसमोर निघता कामा नये. तुला आधी सांगायचं होतं, कारण सगळ्यात आधी फसवलं तुलाच. यापुढे लिहीत बसलो तर उशीर करायला मला निमित्तच मिळेल. उठतो. चपला घालतो. दार ओढून घेतो आणि निघतो.

तुझाच,
भूषण